लाळेचा पापुद्रा

उत्तम,

काल तुझा जलदान विधी झाला. मंडपात खुर्च्या कमी पडल्या, हे आधी सांगतो. तुला ऐकून बरं वाटलं असतं, आणि वर तोंड वाकडं करून "जेवन असलं की गर्दी व्हतेच की" असंही तू म्हणाला असतास. तुझ्या जुन्या शाळांमधले शिक्षक आले होते. एकानं तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या असं सगळं कागदावरून वाचून दाखवलं. ऐकताना मला वाटत राहिलं की हा कुणीतरी दुसराच माणूस आहे, फार शिस्तीचा आणि जरा कंटाळवाणा. मलाही बोलायला सांगितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ते थुंकीबद्दल, आणि थुंकीबद्दल चारचौघांत बोलायची हिंमत तुझी होती, माझी नाही.

मग भंतेजींनी सांगितलं तसं एकेकानं पुढं होऊन पेल्यातलं पाणी सावकाश वाटीत ओतलं. शोभावहिनींनी, दोन्ही मुलांनी, तुझ्या भावानं. वहिनींनी मलाही बोलावलं. पेला तिरपा केला, धार पडली आणि मला एकदम तूच दिसलास. मान मागं टाकलेली, पेला कपाळाच्या वर धरलेला, गळ्याची घाटी वरखाली होतेय आणि शर्टावर एक थेंब नाही. जन्मभर तू असं वरून पाणी प्यायलास. पेल्याला ओठ लावून पाणी पिताना मी तुला कधीच पाहिलं नाही. तुझ्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात एक गोष्ट घडली, ती तुला सांगायची राहिली आहे. त्यासाठीच लिहायला बसलोय. पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तुला माहीत आहे.

अकरावीला आपण हिंगोलीत भेटलो. मी औंढ्याच्या बाजूचा, घरची शेती, अंगात थोडी गुर्मी. तू सेनगावकडचा, मजुरी करणाऱ्या आईबापाचा, वर्गात सगळ्यात पुढं बसणारा. स्टेशनमागची ती खोली आठवते ना? एक स्टोव्ह, एक पातेलं आणि स्टीलचा एकच पेला. दुसरा पेला आणायचं आपण बारावी संपेपर्यंत नुसतं बोलत राहिलो. पहिल्याच दिवशी तुला वरून पिताना पाहून मी म्हणालो की सर्कशीत जा, नाव काढशील. तू म्हणालास, सवय आहे. विषय तिथंच संपला. मी पेला तोंडाला लावून प्यायचो आणि तसाच तुझ्यापुढं करायचो. तू तो न विसळता घ्यायचास, भरायचास आणि वरून प्यायचास. माझा उष्टा पेला तुला चालायचा. तुझा उष्टा पेला मला कधी मिळालाच नाही.

पुढं मी दातांचा डॉक्टर झालो आणि तू विज्ञानाचा मास्तर. मी हिंगोलीत दवाखाना टाकला तेव्हा हिंगोली अजून जिल्हा झाली नव्हती, कुठल्याही सरकारी कामाला परभणी गाठावी लागायची. तुझी शाळा औंढ्याच्या अलीकडच्या एका गावात. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तू मिळेल त्या एस.टी.नं यायचास आणि माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बैठक मारायचास. पेशंटला वाटायचं तू कंपाउंडर. एकदोघांनी तर तुला दातही दाखवले आणि तू ते गंभीरपणे बघितलेस.

तेव्हाची तोंडं आठवतात तुला? दात हलायला लागल्याशिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढत नव्हता. कुणी राखुंडीनं घासायचा, कुणी मिश्रीनं, कुणी विटेच्या भुकटीनं. दातावरून बोट फिरवलं आणि करकर वाजलं की झालं साफ. मी पण काही वेगळं करत नव्हतो म्हणा. माझ्या मशिनीवर रबराची वाटी फिरायची, तिच्यावर खरखरीत पूड, आणि दात कसे आरशासारखे निघायचे. एकदा असंच एका बाईचे दात पॉलिश करून मी हात धूत होतो. तू विचारलंस, आता तिच्या दातावर काय उरलं. मी म्हटलं, काही नाही, उघडं एनॅमल. आणि सहज, पुस्तकात वाचलेलं म्हणून पुढं बोललो की ते उघडं राहत नाही फार वेळ. लाळेत प्रथिनं असतात, ती लगेच येऊन दाताला चिकटतात. बाई बसस्टँडवर पोचायच्या आत तिच्या दातांवर नवा थर चढलेला असेल.

मी बोलून विसरलो. तुझं काय झालं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"भाकरीला येतो तसा पापुद्रा?" तू विचारलंस.

मी म्हटलं, भाकरीचा पापुद्रा याच्यापुढं गोधडीएवढा जाड. हा दिसतसुद्धा नाही. पण तुला शब्द सापडला होता. त्या दिवसापासून आपल्या दोघांत त्याचं नाव पापुद्रा. माझी जुनी पुस्तकं तू घरी नेलीस आणि पुढच्या शनिवारी मलाच शिकवायला लागलास. दाताचं कवच कॅल्शियमचं आणि फॉस्फेटचं, लाळेतल्या प्रथिनांचं एक टोक असं असतं की ते कॅल्शियमला नेमकं जाऊन धरतं. त्यातलं एक प्रथिन तुझं फार लाडकं होतं, स्टॅथेरिन. लाळेत कॅल्शियम इतकं विरघळलेलं असतं की खरं म्हणजे त्याचे तोंडातच खडे व्हायला पाहिजेत. हे प्रथिन ते होऊ देत नाही. कॅल्शियम पातळच ठेवतं, म्हणजे दाताची झीज झाली की भरून काढायला ते जवळच तयार असतं. एखाद्या घरात एक शांत बाई असते, ती कुणाचं भांडण पेटू देत नाही, तसं हे, असं तू म्हणायचास. वहिनी जवळ असल्या की त्यांच्याकडं बघून म्हणायचास. त्या चहा ठेवायला उठून जायच्या.

आणि मग आपलं भांडण सुरू व्हायचं. माझं म्हणणं, पापुद्रा म्हणजे जंतूंना बसायला घातलेली सतरंजी. त्याच्यावरच ते येऊन बसतात, त्यांची वस्ती वाढते, दात किडतो, म्हणून मी तो घासून काढतो. तुझं म्हणणं, चिंच, लिंबू, कैरी, आम्ही काय काय खातो, ते आम्ल आधी त्या पापुद्र्याला भिडतं आणि दात वाचतो. तू काढलास तरी तो परत येतो, तर त्याला काही काम असणारच. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात एकाच पानावर होत्या. आपण दोघं आपापली ओळ वाचायचो.

तुला आठवत असेल, एकदा तू शेतात आला होतास. जांभळं लागली होती. माझी माय तांब्या-पेला घेऊन बांधावर आली. तू पेला घेतलास आणि नेहमीसारखा वरून रिकामा केलास. माय एकदम खूश. मला म्हणाली, "बघ, कसं वळण हाय पोराला. न्हाई तर तू, सगळ्याला तोंड लावत फिरतोस." तू कोण, कुठल्या घरचा, हे तिला ठाऊक होतं. ती नेमकी कशानं खूश झाली, ते मी तिला कधी विचारलं नाही. परत येताना ओढ्याकाठच्या जांभळाखाली आपण थांबलो तेव्हा मी तुला तेच ऐकवून चिडवत होतो, मायला लेक बदलून पाहिजे म्हणून. तू अर्धकच्ची जांभळं तोडत होतास. हात न थांबवता म्हणालास,

"तोंड लावून पेलो की मंग तो पेला कोन उचलतं, कुठं ठिवतं, कसं धुतं, हे बघत बसावं लागतं. वरून पेलो की डोक्याला तकलीफ न्हाई."

एवढंच. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. रोजच्या वाटेवरचा खड्डा कुठं आहे ते सांगावं तसं तू सांगितलंस. मग तूच माझी सुटका केलीस. एक जांभूळ माझ्या तोंडात कोंबून म्हणालास की जीभ आखडली का बघ. आखडली होती. तू म्हणालास, तुरट ही चवच नव्हे रे, जांभळातलं द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतं, तोंडाचं वंगण जातं आणि जीभ कोरडी लागते. हे बरोबर होतं. पण माझं लक्ष जांभळात नव्हतं. त्या दिवसापासून तू कुठंही पाणी मागितलंस की मी पेल्याकडं बघू लागलो. माझ्या घरी तू आलास की मनात एकच यायचं, आज तरी हा तोंड लावून पिईल. बोलून दाखवावं असं ते नव्हतं. सांगून प्यायलास तर त्याला काय अर्थ राहिला असता?

आता त्या प्रकरणाबद्दल. काल मंडपात कुणी त्याचं नाव काढलं नाही. बहुतेक सभ्यपणा म्हणून.

तुला वर्गात पापुद्रा दाखवायचा होता. न दिसणारी वस्तू पोरांना दाखवायची म्हणजे तुझ्या डोक्यातच येऊ शकतं. माझ्याकडून तू दोन काढलेले दात नेलेस, चांगले औषधात ठेवून स्वच्छ केलेले. एक दात लाळेत ठेवायचा, दुसरा साध्या पाण्यात. मग दोन्हींवर लिंबू पिळायचं आणि बघायचं कुणाची चमक आधी जाते. प्रयोग झकास. पण दात बुडेल एवढी लाळ आणायची कुठून? तू वर्गात चिंचेचा गोळा नेलास, पोरांसमोर धरलास, खायला कुणालाच दिला नाहीस. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि मग तू शाळेतलं एकुलतं एक न फुटलेलं काचेचं भांडं फिरवलंस, आणि अख्खा वर्ग एकामागून एक त्यात थुंकला.

मराठ्यांची पोरं, बौद्धवाड्यातली, धनगरांची, मुसलमानांची, तांड्यावरून येणारी. सगळी एका भांड्यात.

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. मास्तर पोरांना थुंकायला लावतो याचं कुणाला काही नव्हतं. एकाच भांड्यात कसं लावलं, यावर सगळं अडलं. आणि खरं सांगू का, मला नवल वाटलं ते गावाचं नाही, तुझं. जो माणूस जन्मभर प्रत्येक पेल्यावर नजर ठेवून राहिला, त्याला त्या दिवशी ते भांडं दिसलंच नाही. तुझ्या डोक्यात तेव्हा फक्त प्रथिनं होती. नंतर मी विचारलं तेव्हा तू स्वतःच डोक्याला हात लावलास. लाळ गोळा करायची म्हणजे एकत्रच करायची, पुस्तकात तसंच आहे, असं म्हणालास. त्या एका दुपारी तू सगळं विसरून गेला होतास, आणि उत्तम, मला त्या विसरण्याचा अजून हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. तू एस.टी.डी. बूथवरून फोन केलास, डाक्टर, जरा येऊन जा. मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा हेडमास्तर रुमालानं मान पुसत होते आणि गावातले वजनदार गृहस्थ, ज्यांना सगळे बापू म्हणत, खुर्चीत बसले होते. मागं पाचपन्नास माणसं. बापूंनी सरळ विचारलं, आमच्या लेकरांच्या तोंडातलं कुणाकुणाच्या तोंडातल्यात मिसळवलं, हे आता कोण निस्तरणार? असा मास्तर आमच्या गावात नको. मागून माना हलल्या. नवीन नोकरी, वहिनींना दिवस गेलेले, आणि सगळं गाव एका बाजूला.

तू आत गेलास. ते भांडं आणलंस, वर कागद झाकलेला. टेबलावर ठेवलंस आणि शांतपणे म्हणालास,

"ज्याची थुंकी हाय त्यानं वळखून घिऊन जावी. मी न्हाई म्हनत न्हाई."

सगळे त्या भांड्याकडं बघून राहिले. मग मागून एक म्हातारी फसकन हसली. तिच्याशेजारची हसली. पोरं खिडकीतून बघत होती, ती दात काढायला लागली. बापूंनी मिशीवर हात ठेवला, पण मिशीखालचं हसू काही त्यांना झाकता आलं नाही.

पण हसले म्हणून त्यांनी सोडलं नाही. मला डॉक्टर म्हणून विचारलं, लेकरांना काही होईल का? मी म्हटलं, कुणी प्यायलंय थोडंच. तू म्हणालास, आता एवढी माणसं जमलीच आहेत तर बघूनच जा. आणि तिथंच एक दात त्या भांड्यातून आणि दुसरा पाण्यातून काढून दोन बशांत ठेवलेस आणि लिंबू कापलंस. वर तू त्या म्हातारीला पुढं बसायला जागा करून देत होतास. थोड्या वेळानं दात पुसून कोरडे केले. पाण्यातला दात खडूसारखा पांढुरका पडला होता. लाळेतल्या दाताची थोडी चमक शिल्लक होती. तू बापूंच्या हातात टाचणी दिलीस. त्यांनी दोन्ही दात खरवडून पाहिले, उजेडात धरले, आणि म्हणाले, "फरक हाय. पर लई न्हाई."

"लई कशाला लागतो, बापू," तू म्हणालास. "थोडाच लागतो, पर रोज लागतो."

बैठक उठली. उन्हाळ्यात तुझी बदली झालीच, पार पुसेगावच्या पलीकडं. कारण प्रशासकीय. तू ते कागदावरचं कारण मला मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि पोट धरून हसलास. निघालास त्या दिवशी तुझा सगळा वर्ग फाट्यावर आला होता. एका पोरीनं तुला पुडीत बांधून चिंच दिली. बापू पुढं दोन वर्षांनी माझ्याकडं दाढ दुखते म्हणून आले. तोंडात औषध टाकलं, चूळ भरायला सांगितली. सगळे थुंकतात त्याच वाडग्यात तेही थुंकले. तू असतास तर ऐकवलं असतंस. जाता जाता त्यांनी दारातून विचारलं, ते मास्तर बरे हायत का? मी म्हटलं, मजेत आहेत. लिंबाचा परयोग करतात का अजून, म्हणाले. मी म्हटलं, करतात. पण आता प्रत्येकाला वेगळी बाटली देतात. बापूंनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग तेवढी मजा येत नसंल.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. पुढं नवीन तऱ्हेचं सिमेंट आलं, दाताच्याच रंगाचं. ते बसवायचं तर आधी दातावर आम्लाचा लेप लावायचा, धुवायचा, सुकवायचा, आणि मग दाताला लाळेचा स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही. मी पेशंटच्या गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवायचो. तू स्टुलावरून म्हणायचास, हा बघा लाळेचा दुश्मन. मी चिडून सांगायचो की एक क्षण जरी लाळ लागली तरी प्रथिनं जाऊन चिकटतात, मग सिमेंट धरत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तू म्हणायचास, बघ, किती घाई असते तिला दाताला धरायची. मी कुठल्याशा मासिकात वाचलं की तुझं ते लाडकं प्रथिन दाताला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, आणि लाळेत असताना झाकलेली जागा उघडी पडते, तिथंच जंतू येऊन धरतात. मला वाटलं, आता सापडलास. मुद्दाम फोन करून सांगितलं. तू पलीकडून म्हणालास, "घर म्हनलं की पाव्हने येनारच. म्हून दार लावून बसावं का?" मी फोन आपटला. पुढच्या शनिवारी तू आलास, वहिनींनी दिलेला ठेचा घेऊन.

आणि प्रत्येक शनिवारी पाणी वरून.

तुझ्या फुफ्फुसांचं दुखणं बळावलं तेव्हा तुला नांदेडला हलवलं. शेवटचा आठवडा मी दुपारच्या गाडीनं येत होतो. वहिनी तेवढ्यात अंग टाकायच्या. तुझ्या तोंडानाकावर प्राणवायूचा मास्क, आणि त्या कोरड्या वाऱ्यानं ओठ फुटलेले. सिस्टर म्हणाली की प्यायला पाणी अजिबात नाही, छातीत जाईल. फक्त तोंड ओलं करा. मी मास्क जरा बाजूला केला आणि तुझे दात बघितले. दुसरं काय बघणार मी? इतक्या वर्षांत तुझे दात मी कधी कोरडे पाहिले नव्हते. त्यांच्यावर तेज नव्हतं. लिंबाच्या बशीतला तो पांढुरका दात आठवला. तुझ्याही बहुतेक तेच मनात आलं असावं. जीभ टाळूला चिकटत होती तरी तू म्हणालास, "थोडा म्हंजे किती, ते आता कळून राहिलं." मी म्हटलं, तुझंच बरोबर होतं. तू मान हलवलीस. माझं पण बरोबर होतं असं म्हणायचं होतं की तुझं एकट्याचं, ते मला समजलं नाही. ते भांडण तेवढं राहिलंच.

माझ्या बॅगेत कापसाच्या गुंडाळ्या होत्या. नेहमी असतात. इतकी वर्षं मी त्या लोकांची लाळ टिपायला वापरल्या. सिस्टरनं उकळलेलं पाणी स्टीलच्या पेल्यात दिलं. एक गुंडाळी त्यात भिजवली आणि तुझ्या तोंडाजवळ आणली. आणि तू काय केलंस माहीत आहे? उशीवर डोकं मागं टाकलंस, तोंड उघडलंस आणि थांबलास. वरून धार पडायची वाट बघत. श्वास पुरत नव्हता, पण सवय शाबूत होती.

वरून पिळता येत नव्हतं. छातीत गेलं असतं. मी तुला म्हटलं, उत्तम, वरून नाही देता येणार, ओठ लाव. तू माझ्याकडं बघितलंस. मग हळूच ओठ मिटून तो कापूस धरलास आणि लेकरागत चोखलास. मी काढायला गेलो तर सोडेनास. मग सोडलास, आणि तुझी नजर त्या कापसाच्या मागं मागं गेली. तो मी कुठं टाकतो, कुठं ठेवतो, ते तू बघत होतास. जांभळाखाली सांगितलं होतंस अगदी तसं. आमच्या धंद्यात तोंडातून निघालेला कापूस परत पाण्यात घालत नाहीत, तो थेट बादलीत. मी तोच कापूस त्याच पेल्यात बुडवला आणि परत तुझ्या ओठांना लावला. तू तो घेतलास. तिसऱ्यांदा मी पेल्याकडं हात नेला तेव्हा तू डोळे मिटून घेतले होतेस. बघायचं सोडून दिलं होतंस.

थोड्या वेळानं तुला झोप लागली. आता जे लिहितोय ते तू बघितलेलं नाहीस, आणि संध्याकाळी जागा झालास तेव्हा खोलीत सगळी मंडळी होती, म्हणून सांगता आलं नाही. सिस्टर पेला न्यायला आली. धुऊन आणते म्हणाली. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. मी पेला ओठांना लावून ते प्यायलो, आणि मग तिच्या हातात दिला.